रुमाल कुणी उचलायचा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवार मोडली. टेबलावर जुना पेपर पसरला होता, त्यावर गवारीचा ढीग, ढिगाच्या अलीकडे मी, पलीकडे आमची शालन. देठ माझ्याकडे आणि शिरा तिच्याकडे, कारण माझ्या हातून शिरा राहतात आणि मग जेवताना दातात अडकल्या की मीच बोंबलतो, असं तिचं म्हणणं. हात चालू आणि तोंड चालू. गोष्ट चालली होती मेरीची. मेरी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रज पोरगी. मालकिणीच्या घरातली चादर चोरली म्हणून सरकारनं तिला बायकांच्या जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलेली. त्या दिवशी ती तिकडच्या बायकांच्या तुरुंगात रांगेत उभी होती. त्या तुरुंगाला कारखाना म्हणायचे, कारण बायकांकडून दिवसभर लोकर कातून घ्यायचे. तिकडच्या शेतकऱ्याला बायको पाहिजे झाली की तो तिथं यायचा आणि रांग बघत फिरायचा. एखादी मनात भरली की तिच्या पायाशी रुमाल टाकायचा. तिनं उचलला तर लग्न, नाही उचलला तर बाबानं पुढं चालू पडायचं.

"मग आला एक लाल मिशांचा," शालन म्हणाली. "मेंढ्या आहेत त्याच्या. मेरीपुढं थांबला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि टाकला रुमाल."

"उचलला तिनं?"

शालननं शेवटची शेंग मोडली आणि पेपर गोळा करायला लागली. "गवार संपली. आता उद्या."

"अगं ए, असं काय करतेस! उचलला का नाही एवढं तरी सांग."

"अहो, आधी तुमचा पडलाय तो उचला."

माझा रुमाल खुर्चीखाली पडला होता. रोज पडायचा. नाक पुसायचं, मांडीवर ठेवायचा, आणि उठलं की तो खाली. शालननं तो कधी उचलला नाही. "अहो, पडलाय," एवढंच म्हणायची, आणि मी वाकायचो. लग्नापासून हेच. पण त्या दिवशी मला आला राग. म्हणलं, "तू सांगत नाहीस ना? मग मी पण उद्याच उचलतो."

"बघा हं. मी हात लावायची नाही."

"नको लावूस."

"ठरलं तर. उद्या तुम्ही रुमाल उचला, मी गोष्ट सांगते."

दुसऱ्या दिवशी ती कोथिंबीर आणायला गेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर कोसळली. हार्ट. डॉक्टर म्हणाला, तिला कळलंसुद्धा नसेल. कोथिंबीर घरी आली ती शेजारणीच्या हातात.

आमची लेक मीना मँचेस्टरला हॉस्पिटलात कामाला असते. ती म्हणते, "बाबा, तू तुझी लहानपण लिही. मोठा कसा झाली ते लिही." तिचं मराठी असंच, इथंच जन्मलेली, लिंगाचं काही पाळत नाही. पण माझ्या लहानपणात काय आहे? चौथीपर्यंत शाळा आणि नंतर म्हशी. लिहायचं झालं तर म्हशींनी लिहावं, त्यांचं जास्त सोसून झालंय. मी मोठा झालो तो खरा म्हातारपणीच, मेरीच्या नादानं. म्हणून तेच लिहितो.

शालन मॅट्रिक होती. मी चौथी. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, नुसतं दाखवलं. आमच्या लीड्सच्या घराजवळ एक लायब्ररी आहे, तिथं दर गुरुवारी पाच-सहा बायका जमून एकच पुस्तक वाचायच्या. शालन त्यात शिरली. मला वाटलं दोन आठवड्यांत कंटाळेल. कसली कंटाळते! एकदा ते कैदी बायकांचं पुस्तक घेऊन आली, एवढं जाड की उशाला घेतलं तर मान मोडावी. उशीतलं मला कळतं, मी जन्मभर गाद्यांच्या कारखान्यात काढलाय. त्याच हिवाळ्यात माझी छाती भरली. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं, आणि पडून राहणं मला जमत नाही. मी उठून बसायचो, खोकायचो, पुन्हा उठायचो. तेव्हा शालन खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "पडा गुमान. एका पोरीची गोष्ट सांगते. उठलात तर बंद."

आणि मी पडलो. पोरगी गुणाची होती हो. चादर तिनं स्वतःसाठी नव्हतीच घेतली, थंडीनं काकडणाऱ्या धाकट्या बहिणीसाठी घेतली होती. जजसाहेबानं टोप घातला आणि सात वर्षं समुद्रापार असं सांगून जेवायला गेला. जहाजाच्या पोटात शंभरभर बायका, वर शिडं, खाली उंदीर. मी विचारलं, "झोपायला काय दिलं होतं?"

"गवताच्या गाद्या."

"शिवण एकेरी का दुहेरी?"

"अहो, ती पोरगी मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही शिवण काय विचारता?"

"शिवण एकेरी असली तर गवत बाहेर येतं आणि टोचतं. झोप लागत नाही. बिचारीला झोप लागली का नाही ते मला कळायला नको?"

पुढच्या गुरुवारी ती लायब्ररीतनं आली आणि कोट काढायच्या आत म्हणाली, "दुहेरी." त्या रात्री मला बरं वाटलं.

मग मेरीला जहाजावर ताप आला. आली का पंचाईत! दोन दिवस उतरेना. मी शालनला बजावलं, "हे बघ, ती दगावली तर मला सांगू नकोस. मी पण मग औषध घेणार नाही." थट्टेनं म्हणलं, पण अगदीच थट्टेनं नाही. त्या गुरुवारी शालन आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, वारा फार आहे. चहा टाकला, माझ्याजवळ बसली, आणि म्हणाली, "उतरला ताप. पेज प्यायली ती." मी टाळी वाजवली आणि बाटलीतलं औषध स्वतः ओतून घेतलं.

तापातनं उठल्यावर मेरीनं जहाज डोक्यावर घेतलं. तिथं खायला दगडासारखी बिस्किटं मिळायची, आणि त्यात किडे. मेरीनं बायकांना डेकवर बसवलं, बिस्किटं कुटायला लावली, रवा चाळून किडे काढले आणि त्याचा उपमा केला.

"फोडणीला तेल कुठलं?" मी विचारलं.

"देवमाशाचं."

"आणि मोहरी?"

"कॅप्टनकडे होती. तो गरम पाण्यात घालून पाय शेकायचा."

मला पटलं. वादळात बायका गारठल्या तेव्हा मेरीनं त्यांना दोघी-दोघींनी हात धरून फुगडी घालायला लावली, आणि जहाज डावीकडे कललं की उजवीकडे फिरायचं, असं करून करून जहाज सरळ ठेवलं. हेही मला पटलं. मनात म्हणलं, पूर्वी इंग्रज बायका फुगडी घालत असतील, पुढं उंच टाचांचे बूट आले आणि बंद पडली असेल. माझी छाती वसंतात बरी झाली, तरी गोष्ट काही थांबली नाही. मी थांबू देईना. पडून ऐकायची ती आता गवार, मेथी, लसूण घेऊन ऐकू लागलो. मला भाजी निवडायला बसवण्यात शालनला पूर्वी कधी यश आलं नव्हतं. मेरीनं ते काम एका आठवड्यात केलं.

शालन गेल्यावर घर माणसांनी भरलं. डाळभात घेऊन माणसं येत होती, आणि मी त्यांना खुर्चीपासून लांब ठेवत होतो. खाली रुमाल होता ना! मीना हूवर, म्हणजे धूळ ओढायचं मशीन, घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हा रुमाल घाणेरडी झालीय, धुवायला टाकते."

"हात लावू नकोस!"

माझा आवाज ऐकून तिनं हूवरच बंद केला. मग पुन्हा चालू करून रुमालाच्या कडेकडेनं फिरवला. बेटाभोवतीनं बोट जाते तसा. आमचे देशपांडे भले माणूस, भेटायला आले आणि चांगुलपणानं उचलायला वाकले. मी असा ओरडलो की ते वाकले ते वाकलेच, पाठ धरली त्यांची. चौघांनी त्यांना तसंच गाडीत ठेवलं. पण मी तरी काय करणार? रुमाल मी उचलायचा आणि गोष्ट तिनं सांगायची असं ठरलं होतं. गोष्ट कळल्याशिवाय रुमाल उचलायचा कसा? उचलला तर व्यवहारच संपला.

माणसं पांगली. मीनाची सुट्टी संपली. मग मी फ्रिजवरचं ते जाड पुस्तक खाली घेतलं. इंग्रजी वाचता येत नाही मला, पण अक्षरं येतात, आणि मेरी हे नाव कसं लिहितात ते माहीत होतं, कारण कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक मेरी होती. बोट ठेवून ठेवून पानं उलटली. सुरुवातीला मेरीच मेरी. पानापानावर मेरी. आणि अर्ध्यावर गेल्यावर एकदम बंद. पुढं एकही मेरी नाही. नुसती इलायझा, इलायझा, पार शेवटच्या पानापर्यंत इलायझा.

मी बसल्या जागी ओरडलो, "लग्न झालं!"

दुसरं काय असणार? लग्नात नाव बदललं पोरीचं. आमची शालन माहेरची यमुना. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं मी शालन असं लिहिलं तेव्हा ती शालन झाली. म्हणजे लाल मिशीवाल्यानं तांदळात इलायझा लिहिलं, म्हणजे मेरीनं रुमाल उचलला. मला एवढा आनंद झाला की मी रुमाल उचलायला वाकलोसुद्धा. पण म्हणलं थांब, एकदा खात्री करून घे. आणि मनात कुठंतरी टोचत होतंच. एकेरी शिवणीसारखं.

गुरुवारी आंघोळ करून, टाय बांधून, पुस्तक पिशवीत घालून लायब्ररीत गेलो. चौघी बसल्या होत्या. लायब्ररीची जॅनेट, शाळेतनं रिटायर झालेली मॉरीन, पूर्वी बसवर कंडक्टर असलेली डोरीन, आणि एक जण विणत होती, ती शेवटपर्यंत विणतच राहिली. मी नाव सांगितलं तर डोरीन उठून उभी राहिली. ती बाई दरवाजाएवढी आहे.

"तू गादीवाला! दुहेरी शिवण!" तिनं मला कवळ्यात घेतलं. इकडं कुणालाही लव्ह म्हणतात. "अरे लव्ह, तुझ्या त्या शिवणीपायी आम्ही एक आख्खा गुरुवार घालवला. मॉरीन म्युझियममध्ये फोन लावून बसली होती."

म्हणजे शालननं खरंच विचारलं होतं. मला वाटलं होतं, माझं तोंड बंद करायला दडपून सांगितलं असेल. चहा झाला. शालनबद्दल त्या बोलल्या, मी नाक पुसलं. मग मी पुस्तक टेबलावर ठेवून मुद्द्यावर आलो. "मला फक्त एक सांगा. मेरीनं रुमाल उचलला ना? लग्नानंतर तिचीच इलायझा झाली ना?"

विणणारीनं टाके मोजायचे थांबवले. जॅनेटनं माझ्या हातावर हात ठेवला.

"इलायझा वेगळी आहे. ती मेरीची मैत्रीण. मेरी जहाजावरच गेली, तापानं."

"पण ताप उतरला. पेज प्यायली ती."

"नाही हो," मॉरीन म्हणाली. "समुद्रातच सोडली तिला. ते पान वाचलं त्या दिवशी शालन फार रडली. आणि निघताना तिनं आम्हाला सगळ्यांना बजावलं, माझा नवरा कुठं बाजारात भेटला तर याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्याची छाती बरी होईपर्यंत मेरी जगली पाहिजे."

डोक्यात एकच येत होतं. म्हणलं, "मग उपमा कुणी केला?"

"काय केलं?"

मी सांगितलं. बिस्किटं, किडे, देवमाशाचं तेल, कॅप्टनची मोहरी. चौघी आ वासून ऐकत होत्या. यातलं काहीएक पुस्तकात नव्हतं. लाल मिशा नव्हत्या, मेंढ्या नव्हत्या. बायका निवडायला पुरुष यायचे एवढं होतं, पण रुमाल तिथं कुणी टाकला नव्हता. मी म्हणलं, "आणि फुगडी?"

"ती काय असते?" डोरीन म्हणाली. "दाखव की."

माझा गुडघा धड नाही आणि डोरीनचं खुब्याचं हाड नवीन बसवलेलं. पण विचारलं म्हणल्यावर दाखवायला नको? टेबल सरकवलं. हातांची अढी घातली, पाय जुळवले, आणि म्हणलं, आता मागं झुक आणि फिर. ती झुकली. एवढी मोठी बाई झुकल्यावर मला फिरावंच लागलं, माझ्या मनात असो नसो. अर्धा फेरा झकास झाला. पुढच्या अर्ध्यात माझा टाय तिच्या चष्म्यात अडकला आणि आम्ही दोघं स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या कपाटावर गेलो. कपाट पडलं नाही, पण वरचे दोन खण आमच्या अंगावर रिकामे झाले. केक, पुडिंग, मायक्रोवेव्ह, सगळं. डोरीन खाली बसून हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती. "देवा रे," म्हणाली, "ही बाई गुरुवारी आमच्यात गुपचूप बसायची आणि घरी जाऊन हे रचायची!"

मग रुमालावरनं त्यांचं भांडण लागलं. मॉरीन म्हणे उचलावा, त्या काळात बाईला दुसरी वाट कुठं होती, कारखान्यातनं सुटका तरी होईल. जॅनेट म्हणे अजिबात उचलू नये, माणूस आहे का मेंढी? त्यांची तोंडं लाल झाली. शेवटी डोरीन म्हणाली, "अरे, तिला सगळ्यात जास्त तू ओळखतोस. तिनं काय सांगितलं असतं?"

मी विचार करायला लागलो आणि मला आमचा बघण्याचा कार्यक्रम आठवला. आता इतक्या वर्षांनी लिहितानाही ते माजघर मला दिसतं. मुलगी बघायला मी आणि माझा मामा गेलो होतो. मामीनं नवा रुमाल दिला होता, घाम पुसायला. घाम पुसून पुसून त्याचा बोळा झाला, आणि पोह्यांची बशी हातात घेताना तो पडला, बरोबर मुलीच्या पायाशी. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं मान खाली घालून बसायचं असतं आणि विचारलं तेवढंच बोलायचं असतं. मामा खाकरला. म्हणाला, "उचल की गं पोरी, उचलून दे त्याला." सगळी बघत होती. पोरीनं मान वर केली, रुमालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "त्यांना हात आहेत की."

तिच्या बापाचा चेहरा पोह्यांसारखा पिवळा. परत येताना मामा पार वेशीपर्यंत सांगत होता, ही नको, ही तुला पाण्याचा तांब्या द्यायची नाही. तिनं जन्मभर पाणी दिलं, छाती भरली तेव्हा चमच्यानं दिलं. रुमाल तेवढा उचलला नाही.

हे सगळं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्या चौघींना सांगितलं. मग डोरीननं विचारलं, "पण मग त्या दिवशी तो रुमाल उचलला कुणी?"

"मी," म्हणलं. "बशी खाली ठेवली आणि उचलला."

"मग झालं तर," डोरीन म्हणाली. "लाल मिशीवाल्यालाच वाकू दे."

विणणारी पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. गवार घेतली. दुकानदारानं कोथिंबीर वरनं तशीच टाकली. घरी येऊन टेबलावर पेपर पसरला, गवारीचा ढीग केला, आणि मग खुर्चीचा हात धरून खाली वाकलो. रुमाल धुळीनं राखाडी झाला होता आणि कडक झाला होता. सिंकमध्ये साबण लावून धुतला, पिळला आणि मागच्या दारी दोरीवर घातला. माझं काम झालं. आता गोष्ट सांगायची पाळी तिची होती. मी माझ्या जागेवर बसलो आणि थोडा वेळ समोरच्या खुर्चीकडे बघितलं. मग एक शेंग घेतली. देठ काढला, आणि शीर पण मीच ओढली, निघाली तेवढी.

"तर," मी मोठ्यानं म्हणलं, "मेरी काही हलली नाही. लाल मिशीवाल्यानं वाट बघितली, बघितली, आणि शेवटी स्वतःच वाकला. गुडघा वाजला त्याचा कटकन. तशी मेरी म्हणाली, अहो, सावकाश."